स्कुबा डायव्हिंग : सिलिंडरची निवड आणि पाण्याखालचा तोल

कोकणच्या किनाऱ्यावर, गोव्यात किंवा अंदमानात सुट्टीसाठी गेलेल्या पर्यटकांच्या कार्यक्रमात स्कुबा डायव्हिंगचा समावेश आता नित्याचा झाला आहे. मार्गदर्शकाचा हात धरून वीस-पंचवीस मिनिटे पाण्याखाली राहून आलेल्यांपैकी काहींना या छंदाची खरी गोडी लागते आणि ते रीतसर प्रशिक्षणाकडे वळतात. तेथे त्यांच्यापुढे पहिले दोन प्रश्न उभे राहतात. पाठीवरचा सिलिंडर कोणता असावा, हा एक आणि पाण्यात ना बुडता ना वर येता स्थिर कसे राहावे, हा दुसरा. वरकरणी हे दोन स्वतंत्र विषय वाटतात. प्रत्यक्षात सिलिंडरचा धातू, त्याचे आकारमान आणि त्यातील हवेचे वजन यांचा पाणबुड्याच्या तोलाशी थेट संबंध असतो. तो समजून न घेतल्यास दमछाक होते, हवा लवकर संपते आणि प्रसंगी जिवावरही बेतते.

सिलिंडरमध्ये नेमके काय असते?

पाणबुड्याच्या पाठीवर 'ऑक्सिजनचा सिलिंडर' असतो, असे सर्रास बोलले आणि लिहिले जाते. हा गैरसमज आहे. छंद म्हणून केल्या जाणाऱ्या डायव्हिंगमध्ये सिलिंडरमध्ये साधी हवाच असते. सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आणि उरलेला बहुतांश नायट्रोजन, अशी ही हवा गाळून, कोरडी करून, कॉम्प्रेसरच्या साहाय्याने दाबून भरलेली असते. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरपेक्षा खोल पाण्यात श्वसनासाठी वापरणे घातक ठरते. वाढत्या दाबाखाली तो विषारी परिणाम करतो आणि पाण्याखालीच आकडी येऊ शकते.

ही दाबलेली हवा श्वासापुरती आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने तोंडापर्यंत पोहोचवण्याचे काम रेग्युलेटर करतो. फ्रान्समध्ये १९४३ साली जाक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी असे मागणीनुसार हवा देणारे उपकरण सिद्ध केले आणि आधुनिक स्कुबा डायव्हिंगचा पाया घातला गेला. पाणबुडा जितका खोल जाईल तितक्या अधिक दाबाची हवा त्याला मिळत असल्याने छातीवर पाण्याचा भार असूनही श्वास घेता येतो. मात्र त्याची किंमत हवेच्या रूपाने मोजावी लागते.

हवा किती वेळ पुरेल?

समुद्रसपाटीवर आपल्या अंगावर सुमारे एक बार इतका हवेचा दाब असतो. समुद्राच्या पाण्यात दर दहा मीटर खोलीमागे त्यात एकेका बारची भर पडते. म्हणजे दहा मीटरवर दोन बार, वीस मीटरवर तीन आणि तीस मीटरवर चार बार. दाब दुप्पट झाला की प्रत्येक श्वासात दुप्पट हवा खर्च होते. त्यामुळे सिलिंडर किती वेळ पुरेल हे त्याच्या आकाराइतकेच खोलीवरही अवलंबून असते.

भारतासह उष्ण कटिबंधातील बहुतेक डायव्हिंग केंद्रांवर ॲल्युमिनियमचा 'एटी' या नावाने ओळखला जाणारा सिलिंडर प्रचलित आहे. त्याची अंतर्गत क्षमता सुमारे ११.१ लिटर असून तो २०७ बार, म्हणजे ३००० पीएसआय दाबापर्यंत भरता येतो. २०० बारपर्यंत भरलेल्या अशा सिलिंडरमध्ये पृष्ठभागावरच्या दाबाची सुमारे २२०० लिटर हवा सामावलेली असते. यापैकी शेवटचे ५० बार राखीव समजले जातात. ते अडीअडचणीसाठी असतात आणि पृष्ठभागावर पोहोचेपर्यंत ते शिल्लक असावेत, असा दंडक आहे. म्हणजेच वापरण्याजोगी हवा १५० बार, सुमारे १६५० लिटर.

पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा वापरणारा पाणबुडा दहा मीटरवर ४० लिटर आणि वीस मीटरवर ६० लिटर वापरेल. पहिल्या खोलीवर ही हवा सुमारे ४१ मिनिटे पुरेल, तर दुसऱ्या खोलीवर जेमतेम २७ मिनिटे. नवशिका माणूस घाबरलेला असतो, हातपाय अधिक हलवतो आणि श्वास भराभर घेतो. त्यामुळे त्याचा खर्च याहूनही अधिक असू शकतो. पाण्यात तोल साधला की हाच खर्च लक्षणीय कमी होतो. म्हणूनच हवा लवकर संपते म्हणून मोठा सिलिंडर घेण्याआधी तोलाकडे लक्ष द्यावे, असे प्रशिक्षक सांगतात.

मोठा सिलिंडर : सोय की धोका?

मोठ्या सिलिंडरमध्ये हवा जास्त, म्हणून तो अधिक सुरक्षित, हा तर्क अर्धाच खरा आहे. खोल पाण्यात श्वासावाटे घेतलेला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळत जातो. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक काळ खाली राहून मग वर आल्यास त्याचे बुडबुडे तयार होतात आणि सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंतचे विकार उद्भवू शकतात. यासाठी प्रत्येक खोलीला कालमर्यादा ठरवलेली असते. 'पॅडी' या संस्थेच्या प्रचलित तक्त्यानुसार १८ मीटरवर पहिल्या डायव्हची मर्यादा ५६ मिनिटांची आहे.

वरच्या हिशेबाने ११.१ लिटरच्या सिलिंडरमधील वापरण्याजोगी हवा १८ मीटरवर सुमारे अर्ध्या तासात संपते. म्हणजे नायट्रोजनची मर्यादा गाठण्यापूर्वीच पाणबुड्याला वर यावे लागते. १५ लिटरच्या सिलिंडरने हा आपोआप लागणारा लगाम सैल होतो. दिवसातून दोन-तीन डायव्ह केल्यास तर मर्यादा बरीच आखूड होते. मोठा सिलिंडर वापरणाऱ्याने डाइव्ह कॉम्प्युटरवर लक्ष ठेवणे म्हणूनच अधिक आवश्यक ठरते. शिवाय असा सिलिंडर जमिनीवर आणि डगमगत्या होडीत पेलणे सोपे नसते. लहान चणीच्या व्यक्तींना आणि कमी हवा लागणाऱ्यांना नऊ लिटरच्या आसपासचा लहान सिलिंडर सोयीचा ठरतो. मात्र जोडीदाराचा सिलिंडर मोठा आणि आपला लहान असेल, तर डायव्हचा कालावधी लहान सिलिंडरवरूनच ठरवावा लागतो.

ॲल्युमिनियम की पोलाद?

सिलिंडर मुख्यतः दोन धातूंचे असतात. पोलाद बळकट असल्याने त्याची भिंत पातळ ठेवता येते. ॲल्युमिनियम हलके असले तरी तेवढाच दाब सोसण्यासाठी त्याची भिंत बरीच जाड करावी लागते. परिणामी प्रचलित ११.१ लिटरचा ॲल्युमिनियम सिलिंडर आणि १२ लिटरचा पोलादी सिलिंडर यांचे जमिनीवरचे वजन जवळपास सारखे, सुमारे १४ किलोच्या घरात असते. फरक दिसतो तो पाण्यात. जाड भिंतीचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर आकाराने मोठा असल्याने जास्त पाणी बाजूला सारतो आणि म्हणून अधिक तरंगतो.

येथे हवेच्या वजनाचा हिशेब मांडावा लागतो. हवा वजनरहित आहे असे आपण व्यवहारात धरून चालतो. परंतु एक लिटर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम असते. २२०० लिटर हवा म्हणजे अडीच किलोहून अधिक वजन. डायव्हच्या सुरुवातीला भरलेला ॲल्युमिनियमचा सिलिंडर पाण्यात सुमारे पाऊण किलोने बुडू पाहतो. हवा वापरली जाते तसतसा तो हलका होतो आणि पूर्ण रिकामा झाल्यावर सुमारे दोन किलोने वर येऊ पाहतो. ५० बार शिल्लक असतानाही तो सव्वा किलोच्या आसपास वर ओढत असतो. नेमके आकडे उत्पादकानुसार थोडेफार बदलतात.

पोलादी सिलिंडरही हवा संपेल तसा हलका होतोच. पण त्याची सुरुवातच अधिक वजनाने होत असल्याने बहुतेक पोलादी सिलिंडर अखेरपर्यंत तरंगत नाहीत, किंचित जडच राहतात. त्यामुळे पोलादी सिलिंडर वापरणाऱ्याला कमरेवर शिशाची वजने कमी लागतात. एका प्रकारावरून दुसऱ्यावर जाताना साधारण दोन किलोंचा फरक पडू शकतो. तो लक्षात न घेता नेहमीचीच वजने बांधल्यास पाणबुडा एकतर दगडासारखा खाली जातो, नाहीतर शेवटी पाण्यात टिकूच शकत नाही.

देखभालीच्या दृष्टीनेही दोन्हींत फरक आहे. पोलादाला आतून दमट हवेचा स्पर्श झाला तर गंज चढतो. ॲल्युमिनियमवर तयार होणारा ऑक्साइडचा थर त्याचे रक्षण करतो, परंतु खाऱ्या पाण्यात अन्य धातूंच्या संपर्काच्या जागी तेही खड्डे पडून झिजते. सिलिंडर कोणताही असो, तो कधीही पूर्ण रिकामा करू नये, आत थोडा दाब राखावा, म्हणजे दमट हवा किंवा पाणी आत शिरत नाही. युरोपातील थंड पाण्यात जाड पोशाखामुळे जास्त वजन लागते, म्हणून तेथे पोलादी सिलिंडर लोकप्रिय आहेत. आपल्याकडच्या उबदार समुद्रात पातळ पोशाख पुरतो आणि ॲल्युमिनियमचा सिलिंडर सोयीचा ठरतो.

खांद्यावरचे शिक्के आणि झडप

सिलिंडरच्या वरच्या निमुळत्या भागाला खांदा म्हणतात. त्यावर धातूत कोरलेले शिक्के म्हणजे सिलिंडरची जन्मपत्रिकाच होय. उत्पादकाचे चिन्ह, अनुक्रमांक, धातू, क्षमता, भरण्याचा कमाल दाब आणि जलदाब चाचणीची तारीख त्यावर असते. या चाचणीत सिलिंडर पाण्याने भरून नेहमीपेक्षा जास्त दाब दिला जातो आणि तो किती फुगतो व पूर्ववत होतो का, हे पाहिले जाते. अनेक देशांत ही चाचणी दर पाच वर्षांनी केली जाते. खेरीज दरवर्षी झडप काढून आतील बाजूची तपासणी करण्याची प्रथा आहे. भारतात दाबाखालच्या वायूंचे सिलिंडर 'गॅस सिलिंडर नियम, २०१६' खाली येतात. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

जुना सिलिंडर स्वस्तात मिळतो म्हणून घेणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ॲल्युमिनियमचे अनेक सिलिंडर ६३५१ या क्रमांकाच्या मिश्रधातूपासून बनवले जात. सततच्या दाबाने त्यांच्या मानेत बारीक तडे जाण्याचे आणि क्वचित भरताना स्फोट होण्याचे प्रकार पुढे आले. त्यानंतर उत्पादक ६०६१ या मिश्रधातूकडे वळले. अनेक ठिकाणी त्या जुन्या धातूचे सिलिंडर भरून देण्यास नकार दिला जातो.

झडपेचेही दोन प्रमुख प्रकार आहेत. 'योक' प्रकारात रेग्युलेटरची कडी झडपेभोवती बसवून स्क्रूने आवळली जाते. 'डिन' प्रकारात रेग्युलेटर झडपेतच आट्यांनी फिरवून बसवला जातो. डिन जोडणी अधिक पक्की आणि जास्त दाबासाठी योग्य मानली जाते, तर योकचा प्रसार पर्यटन केंद्रांवर अधिक आहे. स्वतःचा रेग्युलेटर घेऊन प्रवास करणाऱ्याने संबंधित केंद्रावर कोणती झडप आहे, हे आधी विचारून घ्यावे. योक झडपेच्या तोंडाशी बसवलेली रबरी कडी झिजलेली असेल तर हवा फुसफुसत गळते. ती बदलण्यास अर्धा मिनिटही लागत नाही, परंतु सुटी कडी होडीवर असावी लागते.

विकत घ्यावा की भाड्याने?

नवशिक्याने सिलिंडर विकत घेण्याची घाई करू नये, यावर जाणकारांचे सहसा एकमत असते. मास्क, फिन्स आणि पोशाख अंगाला बसणे महत्त्वाचे असल्याने ते स्वतःचे असावेत. सिलिंडर मात्र जड, तपासणीची टांगती तलवार असलेला आणि विमानाने नेण्यास गैरसोयीचा असतो. भरलेला सिलिंडर प्रवासी विमानातून नेता येत नाही. डायव्हिंग केंद्रांवर सिलिंडर आणि वजने बहुधा शुल्कातच समाविष्ट असतात. तेव्हा निवड म्हणजे प्रत्यक्षात, समोर ठेवलेल्या सिलिंडरांपैकी योग्य तो ओळखणे आणि अयोग्य तो नम्रपणे नाकारणे.

त्यासाठी चार गोष्टी पाहाव्यात. चाचणीची तारीख उलटलेली नसावी. अंगावर खोल ओरखडे, पोचे किंवा झडपेजवळ गंज नसावा. दाबमापकाचा काटा २०० बारच्या आसपास असावा. झडप पूर्ण उघडून काट्याकडे पाहत रेग्युलेटरमधून तीन-चार श्वास घ्यावेत. श्वासागणिक काटा खाली-वर होत असेल तर झडप अर्धवट उघडी आहे, असे समजावे. हवेला तेलकट किंवा धुराचा वास येत असेल तर तो सिलिंडर वापरूच नये. कॉम्प्रेसरचा हवा ओढणारा नळ इंजिनाच्या धुराजवळ असल्यास कार्बन मोनॉक्साइड आत शिरू शकतो. या वायूला स्वतःचा वास नसतो आणि खोलीबरोबर त्याचा घातक परिणाम वाढतो. केंद्राची विश्वासार्हता पारखून घ्यावी, ती यासाठीच.

तरंगणे, बुडणे आणि मधली अवस्था

पाण्यातील वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके बल तिला वर ढकलते, हे आर्किमिडीजचे तत्त्व शाळेत सर्वांनी शिकलेले असते. हे वर ढकलणारे बल वजनापेक्षा जास्त असेल तर वस्तू तरंगते, कमी असेल तर बुडते आणि समान असेल तर जेथे आहे तेथेच राहते. या तिसऱ्या अवस्थेला तटस्थ प्लावकता म्हणतात. पाणबुड्याची सारी साधना ती गाठण्यासाठी आणि टिकवण्यासाठी असते.

अडचण अशी की पाणबुड्याभोवतीच्या काही गोष्टी सतत बदलत असतात. सिलिंडर हलका होत जातो, हे वर आलेच. निओप्रीनच्या पोशाखातील सूक्ष्म बुडबुडे खोलीबरोबर चेपले जातात आणि पोशाखाची तरंगण्याची शक्ती घटते. बीसीडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फुगवता येणाऱ्या जाकिटातील हवा खाली जाताना आकसते आणि वर येताना पसरते. आणि प्रत्येक श्वासाबरोबर फुप्फुसांचे आकारमान बदलते. याशिवाय समुद्राचे खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. माणूस व साहित्य मिळून १०० किलो वजन असेल, तर तरणतलावात पुरणाऱ्या वजनांत समुद्रात उतरताना सुमारे अडीच किलोंची भर घालावी लागते.

वजने किती बांधावीत?

आपल्याकडच्या समुद्रात तीन मिलिमीटर जाडीचा पोशाख आणि ॲल्युमिनियमचा सिलिंडर असल्यास शरीराच्या वजनाच्या सुमारे पाच टक्के शिसे, हा सुरुवातीचा ढोबळ अंदाज धरला जातो. ७० किलो वजनाच्या व्यक्तीला साधारण साडेतीन ते चार किलो. पण हा केवळ अंदाज आहे. शरीराची ठेवण, पोशाखाची जाडी आणि सवय यांनुसार तो बदलतो. नेमके वजन पाण्यातच तपासावे लागते.

ही तपासणी सोपी आहे. संपूर्ण साहित्य चढवून, पाय लांब जाईल इतक्या खोल पाण्यात उभे तरंगत राहावे. रेग्युलेटर तोंडात ठेवून बीसीडीतील हवा पूर्ण काढून टाकावी. नेहमीइतका श्वास घेऊन क्षणभर थांबले असता पाण्याची पातळी डोळ्यांशी यावी. श्वास सोडल्यावर शरीर सावकाश खाली जावे. झपकन खाली गेल्यास वजन जास्त आहे आणि श्वास सोडूनही खाली जात नसल्यास कमी आहे. तपासणी भरलेल्या सिलिंडरने केली असेल, तर त्यात सुमारे दोन किलोंची भर घालावी, कारण डायव्हच्या अखेरीस तेवढ्या वजनाची हवा खर्च झालेली असते. डायव्ह संपवून ५० बार उरले असताना हीच तपासणी केल्यास ती अधिक अचूक ठरते. सापडलेला आकडा, सिलिंडरचा प्रकार आणि पोशाखाची जाडी यांसह वहीत नोंदवून ठेवावा.

शेवटच्या टप्प्याला एवढे महत्त्व का, याचे उत्तर सुरक्षा थांब्यात आहे. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे, म्हणजे शरीरातील जादा नायट्रोजन बाहेर पडण्यास वेळ मिळतो. नेमक्या याच वेळी सिलिंडर सर्वांत हलका झालेला असतो. वजन कमी बांधलेला पाणबुडा तेथे थांबू शकत नाही आणि बुचासारखा वर जातो.

जादा वजनाचा सापळा

तरीही नवशिक्यांमध्ये अधिक आढळणारी चूक वजन जास्त बांधण्याची आहे. पर्यटक लवकर खाली जावा म्हणून दोन-चार किलो शिसे अधिक बांधून देण्याचा मोह घाईच्या ठिकाणी होतो. त्याचे परिणाम साखळीसारखे असतात. समजा, एखाद्याने गरजेपेक्षा चार किलो जास्त बांधले. दहा मीटरवर स्थिर राहण्यासाठी त्याला बीसीडीत चार लिटर जादा हवा भरावी लागते. तो पाच मीटरपर्यंत वर आला की दाब दोन बारवरून दीड बारवर येतो आणि तीच हवा पसरून सुमारे ५.३ लिटर होते. म्हणजे सव्वा किलोहून अधिक जादा उचल मिळते. ती काढून टाकण्यास उशीर झाला तर वर जाण्याचा वेग वाढतो, वेग वाढल्याने हवा आणखी पसरते आणि पृष्ठभागाशी पोहोचेपर्यंत ती आठ लिटर होते. अनियंत्रित वर येण्याची सुरुवात अशी जादा शिशापासून होऊ शकते.

शिवाय कमरेवरच्या वजनाने पाय खाली आणि फुगलेल्या बीसीडीमुळे छाती वर, अशी तिरकी स्थिती होते. असा पाणबुडा पुढे जाताना जास्त पाणी ढकलतो, जास्त दमतो आणि जास्त हवा वापरतो. हवेचे आकारमान सर्वांत वेगाने बदलते ते पृष्ठभाग आणि दहा मीटर यांच्यामध्ये. तेथे ते दुपटीने बदलते, तर वीस ते तीस मीटरच्या टप्प्यात हा फरक सुमारे एक तृतीयांशाचाच असतो. उथळ पाणी सोपे, हा समज तोलाच्या बाबतीत त्यामुळे चुकीचा ठरतो.

श्वास हाच सुकाणू

बीसीडी ढोबळ जुळवाजुळवीसाठी आणि श्वास सूक्ष्म जुळवाजुळवीसाठी, हे सूत्र लक्षात ठेवावे. खाली उतरताना बीसीडीत अगदी थोडी थोडी हवा सोडावी, बटण एका सेकंदापेक्षा अधिक दाबू नये आणि परिणाम दिसेपर्यंत थांबावे. वर येताना मात्र हवा भरायची नसते. ती पसरतच असते, म्हणून ती थोडी थोडी काढत यावे लागते. घाबरून वर येण्यासाठी फुगवण्याचे बटण दाबणे ही नवशिक्यांची घातक सवय प्रशिक्षणात आवर्जून मोडली जाते.

फुप्फुसांत दोन लिटर हवा अधिक घेतली तर सुमारे दोन किलोंची उचल मिळते. खडक ओलांडताना किंचित खोल श्वास आणि खाली यायचे असताना दीर्घ उच्छ्वास, एवढ्यावर अनुभवी पाणबुडा तरंगत पुढे जातो. श्वासाचा परिणाम दिसण्यास काही सेकंद लागतात. तेवढा धीर न धरल्यास वरखाली हेलकावे सुरू होतात.

येथे एक नियम कोणत्याही परिस्थितीत मोडायचा नाही. स्कुबा साहित्यासह पाण्याखाली असताना, आणि वर येताना तर विशेषच, श्वास रोखून धरू नये. दहा मीटरवर भरलेली फुप्फुसे घेऊन कोणी श्वास रोखून वर आला तर त्यातील हवा दुप्पट होते. फुप्फुसांना इजा होऊन हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. दीड मीटरइतक्या उथळ पाण्यातूनही अशी इजा होऊ शकते. वजनाची तपासणी पृष्ठभागावर होते, म्हणून तेथे क्षणभर थांबणे चालते; खोल पाण्यात ही मुभा नाही. वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ-दहा मीटरपेक्षा अधिक नसावा.

तोल सुटला तर प्रवाळाची हानी

महाराष्ट्रातील स्कुबा डायव्हिंगचे मुख्य केंद्र मालवण, तारकर्ली आणि सिंधुदुर्ग किल्ल्याचा परिसर आहे. १९८७ साली घोषित झालेले मालवण सागरी अभयारण्य याच भागात येते. गोव्यात ग्रांदे बेटाजवळ, कर्नाटकात मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणी बेटापाशी, लक्षद्वीप आणि अंदमानातही डायव्हिंग चालते. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळलेला आणि पाणी गढूळ असल्याने ते बंद असते. ऑक्टोबर ते मे हा तेथील हंगाम.

या सर्व ठिकाणी प्रवाळ आहेत आणि प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. कडक दगडासारखी दिसणारी ही रचना सूक्ष्म जिवांची वसाहत असते. तिच्यातील अनेक जाती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर वाढतात. तोल सुटलेल्या पाणबुड्याच्या फिन्सचा एक फटका अनेक वर्षांची वाढ मोडून टाकतो. लोंबणारा दाबमापक किंवा जादा वजनाने तळावर घासणारे गुडघेही तेच करतात. उडालेली वाळू प्रवाळांवर बसून त्यांना गुदमरवते. तोल साधणे ही त्यामुळे निव्वळ वैयक्तिक कौशल्याची बाब उरत नाही.

पर्यटकांसाठीच्या ओळखीच्या डायव्हमध्ये तोल सांभाळण्याचे काम मार्गदर्शक करतो. सिलिंडरची मान धरून तोच पर्यटकाला फिरवतो. अशा एखाद-दुसऱ्या अनुभवावर स्वतंत्रपणे डायव्हिंग करता येते, असे समजणे धोक्याचे आहे. मान्यताप्राप्त संस्थांच्या 'ओपन वॉटर' अभ्यासक्रमात लेखी भाग, तरणतलावातील सराव आणि साधारणपणे समुद्रातील चार डायव्ह यांचा समावेश असतो. तो पूर्ण करणाऱ्यास जोडीदारासह १८ मीटरपर्यंत जाण्याची मुभा मिळते. दमा, हृदयविकार, फुप्फुसांचे वा कानाचे विकार असणाऱ्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. गर्भवतींनी डायव्हिंग टाळावे, तसेच सर्दी असताना कोणीही पाण्यात उतरू नये.

पाण्यात उतरण्यापूर्वी

० सिलिंडरचा धातू, क्षमता आणि चाचणीची तारीख पाहावी. धातू बदलला असेल तर वजनांचा हिशेब पुन्हा मांडावा.

० सिलिंडरचा पट्टा ओला करून मगच आवळावा. कोरडा आवळलेला पट्टा पाण्यात सैल पडून सिलिंडर निसटू शकतो.

० झडप पूर्ण उघडून, दाबमापकाकडे पाहत श्वास घ्यावा. वास किंवा चव वेगळी वाटल्यास सिलिंडर बदलून मागावा.

० जोडीदाराचे साहित्य तपासावे आणि आपले त्याला तपासू द्यावे. वजनांचा पट्टा एका हाताने सोडता येतो का, हे दोघांनीही पाहावे.

० पृष्ठभागावर वजनाची तपासणी करावी. नवे ठिकाण, नवा पोशाख किंवा नवा सिलिंडर असेल तर ती टाळू नये.

० १०० बार आणि पुढे ७० बार उरल्यावर मार्गदर्शकाला खूण करावी. ५० बारसह पृष्ठभागावर पोहोचता येईल, अशा बेताने परतावे.

० सिलिंडर उभा ठेवून बाजूला जाऊ नये. होडीत तो आडवा ठेवावा किंवा बांधून ठेवावा.

० एका डायव्हनंतर किमान १२ तास आणि लागोपाठच्या अनेक डायव्हनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा. परतीचे तिकीट काढतानाच हे लक्षात घ्यावे.